ब्रेडबोर्डवरचे सर्किट शेतात का अडखळते?

मातीतील ओल पाहून पंप चालू-बंद करणारे सर्किट ब्रेडबोर्डवर नीट चालते, शेतात मात्र अडखळते. पक्का बोर्ड कसा करावा, असे संग्रामपूरच्या एका वाचकाने विचारले आहे.

दोष बहुधा ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगांच्या पकडीत असतो. थरथर आणि धूळ यांनी तारा सैल होतात. म्हणून आधी तीच जोडणी झिरो पीसीबीवर सोल्डर करून काही दिवस शेतात चालवावी. ही पायरी गाळू नये. खऱ्या चुका इथेच सापडतात.

मग ‘कीकॅड’ (KiCad) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी सर्किटची आकृती, नंतर बोर्डची मांडणी. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. २३० व्होल्टची बाजू जिवावर बेतणारी आहे: सेन्सरच्या बाजूपासून ती किमान ८ मिलिमीटर दूर असावी, मध्ये तांबे नको. पंपाचा भार बोर्डवरून नेऊच नये. रिलेने फक्त काँटॅक्टर ओढावा.

मांडणी मूळ मापात कागदावर छापून त्यावर सुटे भाग ठेवून पाहावेत, मगच गर्बर फाइली (बोर्ड बनवण्यासाठी लागणाऱ्या आराखड्याच्या फाइली) कारखान्याला पाठवाव्यात.

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे अशा वस्तू स्वतः घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली. खेड्यातही असे काम होऊ शकते, याचा हा भक्कम दाखला आहे.

तयार बोर्डवर ओलाव्यापासून वाचवणारा लेप द्यावा. लेप देताना कनेक्टर तेवढे झाकून ठेवावेत.