परगावी धाडलेले गणित

गिरणीत दळण लवकर होते हे खरे. पण डबा नेणे, रांगेत थांबणे व पीठ घरी आणणे यांतही वेळ जातो. संगणकाच्या कामाचेही तसेच आहे. अवघड गणित दूरच्या शक्तिमान संगणकाकडे पाठविता येते. मात्र पाठविणे, सोडविणे व उत्तर परत येणे या तिन्हींचा एकूण वेळ आपण स्वतः गणित सोडविण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तरच त्यात फायदा.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही नवीन पनवेलहून रेल्वेने पुण्याला निघाला आहात. समजा, एक गणित सोडवायला तुमच्या मोबाइलला ६० सेकंद लागतात, तर दूरच्या संगणकाला फक्त ४. पाठवायची माहिती ४० मेगाबिट असून वेग सेकंदाला ४ मेगाबिट आहे. म्हणजे पाठवायला १० सेकंद व सोडवायला ४, असे एकूण १४ सेकंद झाले. उत्तर अगदी लहान असल्याने त्याचा वेळ सोडून देऊ.

पण वाटेत बोरघाटाचे बोगदे आहेत! साडेनऊ सेकंदांनी गाडी बोगद्यात शिरली आणि संपर्क तुटला तर? माहिती एकसंध पाठविली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तिचे १० समान तुकडे केले असतील, तर ९ तुकडे आधीच पोचलेले असतील. बोगद्याबाहेर आल्यावर फक्त दहावा पाठवायचा.

म्हणून पहिला नियम असा की, काम लहान तुकड्यांत द्यावे. दुसरा, मुदत घालावी. मुदतीत उत्तर न आल्यास तो तुकडा दुसऱ्या संगणकाकडे सोपवावा. तिसरा, अनोळखी संगणकाचे उत्तर पडताळून पाहावे.

२००५ साली सुरू झालेला ‘आइनस्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प याच नियमांवर चालतो. जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात. हे संगणक केव्हा बंद पडतील, याचा नेम नसतो. म्हणून एकच तुकडा दोघांना देऊन उत्तरे जुळतात का, हे पाहतात. अशा रीतीने २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक स्पंदक तारा सापडला. तो हेरणारे संगणक होते अमेरिकेतील व जर्मनीतील स्वयंसेवकांचे! लायगो वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींचा शोधही हा प्रकल्प घेतो. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. वरील उदाहरणात १० तुकडे केले आहेत. तर मग बोगद्यात किती सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तरच काम पाठविणे फायद्याचे ठरेल?