महागाईचा निर्देशांक आणि ऊसतोडणीची मजुरी

दौंड तालुक्यातील पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याही कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामात दोन प्रकारचे श्रमिक एकाच उसावर राबतात : कारखान्यातील कायम कामगार आणि फडातील तोडणी मजूर. तेल, डाळ महागली म्हणजे दोघांच्याही चुलीला झळ पोचते. ती भरून काढण्याची सोय मात्र दोघांना सारखी लाभलेली नाही.

साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ 1957 साली नेमले गेले. पुढे राज्यात शासन, कारखाने व कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीमार्फत वेतनकरार होऊ लागले. कायम कामगाराच्या वेतनात महागाई भत्ता असतो व तो ग्राहक किंमत निर्देशांकाशी निगडित असतो. औद्योगिक कामगारांचा हा निर्देशांक श्रम ब्यूरो दरमहा काढतो. 2016 हे आधारवर्ष असलेल्या मालिकेसाठी देशातील 88 केंद्रांतून भाव गोळा केले जातात व त्यात खाद्यपेयांचा भार सुमारे 39 टक्के आहे. निर्देशांक 100 वरून 110 झाला, तर 10,000 रुपयांच्या वेतनात पूर्वीच्या सुमारे 9,090 रुपयांचाच माल येतो. ही तूट भत्त्याने भरून निघावी, हा त्यामागील हेतू होय.

तोडणी मजुराचे गणित निराळे. पती-पत्नी मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल. आणि मजुरी टनावर. दर ठरतो तो संघटना व साखर संघ यांच्या करारातून. ऑक्टोबर 2020 मध्ये 14 टक्के आणि जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मान्य झाली. दुसरी वाढ घसघशीत वाटते. परंतु मधल्या हंगामांत दर जागीच होता. समजा, त्या काळात भाव 18 टक्क्यांनी वाढले, तर 34 पैकी 18 टक्के ही केवळ मागील तुटीची भरपाई ठरते, आणि तीही उशिरा; तोवर उचलीचा बोजा वाढलेला असतो. संघटनेचे बळ येथेही दिसते, पण ते तीन वर्षांतून एकदा. करारात दरवर्षी निर्देशांकानुसार दर सुधारण्याचे कलम घालण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. टनावरील दरालाही हा हिशेब तितकाच लागू पडतो.

अडचण नोंदीची आहे. मजूर किती, कोठले, कोणाच्या टोळीतले, याचा भरवशाचा तपशील नसेल तर वाटाघाटी अंदाजावर चालतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कामासाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी व ओळखपत्रे देण्याचे काम 2021 मध्ये हाती घेण्यात आले. टोळ्या साधारणतः दसऱ्यानंतर गाव सोडतात; तेव्हा ग्रामपंचायतींनी ही नोंदणी त्यापूर्वीच्या ग्रामसभेत घ्यावी आणि कोयत्यातील स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे लिहावे.