लॉजच्या आधी तिथी बघा

लहान मुलांना घेऊन कोकणात जाणारी मंडळी खोली एसी आहे का, उकडीचे मोदक मिळतील का, हे महिनाभर आधी विचारून घेतात. त्या दिवशी तिथी कोणती, हे सहसा कुणी विचारत नाही. दापोलीजवळ कर्द्याला आमच्या घरमालकीणकाकूंनी पहिल्याच चहाला सांगितलं, "उद्या दशमी. पोरांना पाण्यात न्यायचं ते चारनंतर न्या."

किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब सोपा असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. दशमीला साडेसात. सकाळी साडेसातला भरती पुरी झाली की पुढचे सहा तास पाणी उतरत राहतं, दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा चढू लागतं. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितक्याच ओढीने परततं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी.

काकूंनी सांगूनही सकाळी नऊला आमच्यातली निम्मी मंडळी पाण्यात होतीच. ताईचा सात वर्षांचा मुलगा हवा भरलेल्या रिंगमध्ये बसला होता. लाटा जवळपास नव्हत्या, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण हिवाळ्यातल्या सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा, वर ओहोटी. दोन्ही एकाच दिशेला. काठावर मोठी माणसं भरपूर होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी बघतोय. भावोजींच्या लक्षात आलं तेव्हा रिंग बरीच आत गेली होती. ते पोहत निघाले, पण त्यांच्यापेक्षा ती हलकी रिंगच वेगाने पुढे पळत होती. शेवटी मासेमारीहून परतणाऱ्या होडीतल्या तांडेलांनी पोराला उचलून घेतलं. पठ्ठ्या खुशीत होता, त्याला ती सफरच वाटली. ताई मात्र दिवसभर कुणाशी बोलली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे रिंग समुद्रावर जात नाही. ती हौदात ठीक. समुद्रात न्यायचंच असेल तर अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट, आणि तेही मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना. पाण्यात असलेल्या मुलांवर एका वेळी एकाच माणसाची पाळी लावायची, अर्ध्या तासाने बदलायची. पाळीवाल्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज निघणार कुठून? कपडे नारिंगी किंवा लाल घालावेत. निळा टी-शर्ट पाण्यात दिसतच नाही.

किनारा निवडतानाही भीड नको. गणपतीपुळ्याला तळ लवकर खोल जातो. देवदर्शन करावं, वाळूत खेळावं, मुलांना पाण्यात उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण परतायची वेळ निघतानाच ठरवा. भरती मुलाचं खाणं संपायची वाट बघत नाही.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट दडलेला असू शकतो. मुलांना पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत चालायला शिकवा, म्हणजे चाहूल लागून तो आधीच सरकतो. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरल्याने कळ कमी होते; मग दवाखाना गाठायचाच. चहासाठी थर्मास नेतोच आपण, एक नुसत्या गरम पाण्याचाही न्यावा. मात्र आधी मोठ्या माणसाने त्या पाण्यात हात घालून बघावा.