घेवडा, मटण आणि जालन्याची मोसंबी

प्रश्न : ब्राझीलचा फेजुआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचा आणि मांसाचा रस्सा, घरी करायचा आहे. इकडे काळा घेवडा मिळत नाही, आणि डुकराचं मांस घरात चालत नाही. राजमा आणि मटणावर भागेल का? मागे राजमा चांगल्या सहा शिट्ट्या देऊनही टणकच राहिला होता. तो का? — एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : खुशाल करा. हा रस्सा जिथे गेला तिथलाच होऊन राहिला. पोर्तुगालमध्ये त्यात पांढरा किंवा लाल घेवडा पडतो, ब्राझीलमध्ये काळा घेवडा आणि खारवलेलं मांस, तर गोव्यात राजमा आणि चोरीस, म्हणजे व्हिनेगर-मिरचीत मुरवून वाळवलेली डुकराच्या मांसाची सॉसेजं. पोर्तुगीजांच्या गलबतांचीच ही वाट: १५०० साली त्यांचा दर्यावर्दी काब्राल, त्याचं आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याच सफरीत कालिकतला पोचलं. घेवडाही मूळचा अमेरिकेचा, पण आपल्याकडे असा रुजला की कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो मिळाला तर राजमा सोडा, तोच घ्या.

राजमा टणक राहिला, तेव्हा बहुधा टोमॅटो आधी पडला असेल. आंबटाने दाणा शिजत नाही. बोअरचं जड पाणी आणि जुना राजमा हीसुद्धा कारणं असतात. जड पाण्यावर भिजवतानाच चिमूटभर खायचा सोडा टाकावा. आंबट शेवटी घालायचं हे मराठवाड्यातले बावर्ची दालच्यातही पाळतात: हरभऱ्याची डाळ आणि मटण शिजलं की मगच चिंचेचा कोळ.

पाव किलो राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं आणि नुसत्या मंद आचेवर ते जात नाही, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका. अर्धा किलो हाडासकट मटणाला आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या जवळपास चव येते. कांदा आणि भरपूर लसूण तेलात परतून मटण घाला, ते लाल झालं की राजमा, तमालपत्र आणि पाणी घालून कुकर लावा. दोन्ही मऊ झाल्यावर थोडा राजमा डावाने ठेचून रस्सा दाट करा. टोमॅटो किंवा व्हिनेगर हवं तर आता. ब्राझीलमध्ये धुरावलेलं मांसही पडतं, त्या वासासाठी शेवटी कोळशाची धुरी द्या.

सोबत भात, लसणावर परतलेली पालेभाजी आणि संत्र्याच्या फोडी असतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्याच भरड पिठाचा भाजलेला चुराही वर भुरभुरवतात. तो नसला तरी अडत नाही. संत्र्याच्या जागी मात्र जालन्याची मोसंबी घ्या, तिलाही मानांकन आहे आणि चरबीच्या रश्शाला ती फार छान उतारा देते. मूळ पदार्थ तिखट नसतो. पहिल्या खेपेला मिरची हात राखूनच घाला.