गॅसचा वास आला, तर?

अशी कल्पना करा, की रात्रीचे अकरा वाजले आहेत. घरात निजानीज झाली आहे. पाणी प्यायला म्हणून तुम्ही उठता आणि स्वयंपाकघराच्या दारातच गॅसचा उग्र वास येतो. अंधारात हात आपोआप कोठे जाईल? दिव्याच्या बटनाकडे! नेमका तोच आवरायचा. का, ते पाहू.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. म्हणजे हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो गळू लागला की पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीत उतरतो.

हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असले, तरच मिश्रण पेट घेते. आता थोडे गणित करू. ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा स्वयंपाकघराचे घनफळ २२.५ घनमीटर. त्याचे २ टक्के म्हणजे ०.४५ घनमीटर, एवढ्या वायूचे वजन सुमारे १ किलोग्रॅम भरते. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम असतो! शिवाय वायू खोलीभर सारखा मिसळत नाही. तो तळाच्या ३० सेंटिमीटरांतच राहिला, तर त्या थरापुरते १०० ग्रॅमही पुरतात.

मिश्रण पेटायला ठिणगी किती मोठी लागते? अवघी पाव मिलिज्यूल. एक ग्रॅमची वस्तू अडीच सेंटिमीटर उचलायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. बटन दाबताना आत याहून मोठी ठिणगी सहज पडते. चालू पंखा बंद करताना तर अधिकच; कारण मोटारीच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, तो बटनाच्या फटीतल्या हवेतून उडी मारतो. तेव्हा जे चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंदच. ‘पंखा लावा, म्हणजे वास जाईल’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो जिवावर बेतू शकतो. फ्रिज मात्र आपला आपण चालू-बंद होतो, त्याला कोण सांगणार? म्हणूनच घाई करायची.

रेग्युलेटरची कळ बंद करा. दारे-खिडक्या उघडा; आधी दारे, कारण ती जमिनीपर्यंत असतात. दुसऱ्या खोलीत निरांजन किंवा उदबत्ती तेवत असेल, तर विझवा. सर्वांना हाका मारून उठवा, बाहेर पडा आणि मोकळ्या जागी गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो. वास फारच उग्र असेल किंवा गॅस सूं आवाज करीत बाहेर पडत असेल, तर कळीच्या नादी न लागता आधी माणसे बाहेर काढा.

वासाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूळ वायूला वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. पण थोड्या वेळाने नाक त्याला सरावते. ‘आता येत नाही बुवा वास’ यावर विसंबू नका. सर्दी झालेल्याला किंवा आजी-आजोबांना तो मुळातच न जाणवण्याची शक्यता असते.

उद्या दिवसाउजेडी आईला किंवा बाबांना सोबत घेऊन एक करून पाहा. शेगडी बंद असताना डोळे मिटून रेग्युलेटरची कळ हाताला लागते का? फिरवता येते का? नळीवर छापलेली मुदतही वाचा. जोडांना साबणाचा फेस लावा. गळती असेल तर बुडबुडे फुगतील. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात, त्यांना काय म्हणावे!

तुमच्याकडे नळाने गॅस येत असेल, तर तो मुख्यतः मिथेन. त्याचा रेणुभार १६, म्हणजे हवेहून हलका. तो छताकडे जातो. तेथे वरच्या झडपा आणि खिडक्या आधी उघडायच्या, आणि बंद करायची ती नळावरची तोटी.