विषयाची निवड : आवड की नोकरी?



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो : "कोणता विषय घेतला म्हणजे नोकरी लागेल?" हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात पहिला पगार अजून यायचा आहे, तेथे तो विचारलाच पाहिजे.

अकोला जिल्ह्यातील माझा भाचा हाच प्रश्न घेऊन अमरावतीला आमच्याकडे आला. त्याचे गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी खारट का, हे त्याचे लहानपणापासूनचे कोडे. म्हणून भूगर्भशास्त्राची ओढ. वडिलांचा आग्रह गणिताचा. स्पर्धा परीक्षेत तेच कामी येईल, असे त्यांचे म्हणणे.

मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. आमच्या काउंटरवर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सारे शेजारी शेजारी बसतात. बँकेची परीक्षा असो की राज्यसेवेची, पदवी लागते. विषय सहसा विचारला जात नाही. मग त्या नोकरीसाठी आवडीचा विषय सोडण्याचे कारण काय? नावडत्या विषयातले कमी गुण मात्र गुणपत्रिकेवर कायम राहतात.

तरीही नुसत्या आवडीवर भिस्त ठेवू नये. त्या विषयातून नोकरीची किती दारे उघडतात, ते मोजावे. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केल्यास संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळातील पदे तिच्यातून भरतात. पण जागा थोड्या, आणि शिक्षण पाच वर्षांचे. वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेणाऱ्यास पदवीनंतर भारतीय वनसेवेची परीक्षा खुली आहे. मेळघाट तर आपल्या दाराशीच आहे.

पूज्य बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. लंडनला त्यांनी अर्थशास्त्र आणि कायदा दोन्हींचा अभ्यास केला. ते बॅरिस्टर झाले, 1923 साली डी.एस्सी.ही मिळवली. मुंबईत वकिली सुरू केली, तरी अर्थशास्त्र सोडले नाही. 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली.

भाच्याने शेवटी अमरावतीच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत भूगर्भशास्त्र घेतले. वडिलांनी पाच वर्षे थांबण्याचे कबूल केले. त्याने रोज एक तास स्पर्धा परीक्षेच्या गणिताला देण्याचे. मित्रहो, आवड जरूर जपा. परंतु तुमच्या शिक्षणाची वर्षे घरचे आपल्या मजुरीतून मोजत असतात, याचा विसर पडू देऊ नका.