पदवी हातात पडेपर्यंतचा हिशेब

नुंगंबाक्कम, चेन्नई

चि. मृणाल,


पदवीसाठी तू इथे यायचं म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. दादाने फोनवर पहिल्या वर्षाची फी विचारली. तू मात्र पदवी हातात पडेपर्यंतचा हिशेब मांड.

आमच्या भागात 1915 सालचं विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे, 1925 सालचं लोयोला आहे. अशा जुन्या कॉलेजांत अनुदानित अभ्यासक्रम असतात, तसेच विनाअनुदानितही. अनुदानित जागांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथे फी कमी. दुसरीकडे तो भार विद्यार्थ्यांवर पडतो. तेव्हा अर्ज करण्याआधी तुझा विषय कशात मोडतो ते पाहा.

मग खोलीभाडं, मेस, पुस्तकं, लोकलचा पास, सुट्टीत घरी येण्याजाण्याचं भाडं, हे सगळं तीन वर्षांचं धर. चेन्नईत घरमालक भलामोठा अॅडव्हान्स मागतात. तमिळनाडूच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. ही रक्कम परत मिळायची असते, म्हणून ती खर्चात धरू नकोस. पण सुरुवातीलाच हाताशी लागेल, तेव्हा वेगळी मांड.

कर्जाचं नीट समजून घे. समज, दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख याप्रमाणे 3 लाख उचललेस आणि व्याज 10 टक्के आहे. शिकत असताना व्याज सरळ पद्धतीने लागतं: तीन वर्षांत 60 हजार. पुढे नोकरीसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या वर्षाचे आणखी 30 हजार. हप्ते सुरू होताना हे मुदलात मिळवलं जातं, म्हणजे फेड 3 लाख 90 हजारांपासून सुरू होते. हेच व्याज दरमहा भरत गेलीस तर पहिल्या वर्षी महिना साधारण 833 रुपये पडतात. ते शिकवण्या घेऊन तुला जमेल.

शेवटी एकूण बेरजेशेजारी एक आकडा लिही: या विषयात नुकत्याच पदवीधर झालेल्यांना खरोखर मिळणारा पगार. तो कॉलेजच्या जाहिरातीतून घेऊ नकोस, गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलींना विचार.

हा कागद प्रवेश घेण्याआधी दादा-वहिनींपुढे ठेव. आकडा मोठा निघाला तरी लपवू नकोस. आईवडिलांनी कर्जावर सही करायची, तर पूर्ण रक्कम त्यांना आधी कळलीच पाहिजे.

तुझी,
आत्या